धूमकेतूवरच्या पाण्याचा हिशोब पृथ्वीवर कसा लागला? बर्नमधल्या जुळ्या यंत्राची गोष्ट

ऑक्टोबर २०१४ मध्ये एक बातमी जगभर शेअर झाली होती. ६७पी नावाच्या धूमकेतूला सडलेल्या अंड्यांचा आणि घोड्यांच्या तबेल्याचा वास येतो, अशी. बातमी खरी होती, फक्त तिथं वास घेणारं नाक नव्हतं. रोझेटा या युरोपियन यानावरच्या यंत्रानं हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया हे वायू पकडले होते. पहिल्याचा वास सडक्या अंड्यांचा, दुसऱ्याचा तबेल्याचा. बाकीचं काम हेडलाइन देणाऱ्यांनी केलं.

दोन महिन्यांनी त्याच यंत्राकडून आलेली बातमी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. या धूमकेतूवरचं पाणी आपल्या समुद्राच्या पाण्यापेक्षा वेगळं निघालं होतं. पृथ्वीवर पाणी धूमकेतूंनी आणलं असावं, असं अनेक वर्षं शाळेच्या पुस्तकांपासून माहितीपटांपर्यंत सगळीकडे सांगितलं जात होतं. निदान या जातीच्या धूमकेतूंनी तरी ते आणलेलं दिसत नाही, असा त्या बातमीचा अर्थ होता.

रोझेटा धूमकेतूजवळ पोहोचलं तेव्हा ते पृथ्वीपासून सुमारे ४० कोटी किलोमीटर दूर होतं. यंत्र सोडून दहा वर्षं झालेली. मग ते बरोबर मोजतंय, हे इथं बसून कुणी आणि कसं ठरवलं? या प्रश्नाचं उत्तर स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत आहे.

काटा खरा आहे हे कोण सांगणार?

वाण्याच्या दुकानातल्या वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. प्रमाणित वजन ठेवून काटा तपासलेला आहे, असा त्याचा अर्थ. शंका आली तर काटा पुन्हा तपासता येतो. मोजण्याचं कुठलंही साधन माहीत असलेल्या मापाशी ताडून बघणं आणि त्यात किती फरक पडतो ते लिहून ठेवणं, याला कॅलिब्रेशन म्हणतात. थर्मामीटरपासून रक्त तपासणाऱ्या मशीनपर्यंत सगळ्यांचं ते होतं.

अंतराळयानातलं यंत्र एकदा गेलं की परत येत नाही. २ मार्च २००४ रोजी रोझेटा निघालं आणि ६ ऑगस्ट २०१४ रोजी ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को या धूमकेतूजवळ पोहोचलं. त्यातली ३१ महिने तर यान झोपलेलंच होतं, वीज वाचवण्यासाठी. अशा प्रवासात यंत्राची सवय थोडीफार बदलणारच.

यानावरच्या या उपकरणसंचाचं नाव रोझिना. बर्न विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला. आधी हान्स बाल्सिगर आणि नंतर कॅथरिन आल्टवेग या शास्त्रज्ञांनी त्याची धुरा सांभाळली. त्यात तीन भाग होते : दोन मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारी यंत्रं, आणि एक दाबमापक. आपली गोष्ट मुख्यतः त्यातल्या डीएफएमएस या सुमारे १६ किलोच्या स्पेक्ट्रोमीटरची आहे.

यंत्र रेणू ओळखतं म्हणजे काय करतं?

धूमकेतू म्हणजे धूळ आणि बर्फाचा गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते आणि त्याच्याभोवती वायूचा विरळ पडदा तयार होतो. विरळ म्हणजे किती? रोझेटाच्या आसपासचा वायू आपल्या हवेपेक्षा साधारण लाख कोटी पटींनी पातळ होता. आपण ज्याला निर्वात म्हणू, त्याच्या जवळपास.

त्यातले काही रेणू यंत्रात शिरतात. आत तापलेल्या तारेतून निघणारे इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आदळतात आणि रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवतात. विद्युतभार आलेला हा रेणू, म्हणजे आयन, मग विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून वळवला जातो. हलका आयन जास्त वळतो, जड कमी. शेवटी तो ५१२ घरांच्या पट्टीवर आदळतो. कुठल्या घरात पडला यावरून त्याचं वस्तुमान कळतं.

वाचायला सोपं वाटतं. पण कार्बन मोनॉक्साईडचं वस्तुमान २८, नायट्रोजनचं २८, इथिलीनचंही २८. साध्या यंत्राला हे तिघं एकच दिसतात. बारकाईनं पाहिलं तर ते अनुक्रमे २७.९९५, २८.००६ आणि २८.०३१ आहेत. पहिल्या दोघांत फक्त ०.०११ चा फरक. डीएफएमएस हा फरक ओळखू शकत होतं, आणि म्हणूनच धूमकेतूवर नायट्रोजन वायू आहे हे २०१५ मध्ये छातीठोकपणे सांगता आलं.

मात्र यंत्राकडून येतो तो फक्त एक आलेख : अमुक घरात इतके ठोके. ‘शंभर रेणूंमागे चार ऑक्सिजनचे’ असं ते कधीच सांगत नाही. ठोक्यांवरून रेणूंपर्यंत जायला मधे एक कोष्टक लागतं, आणि ते कोष्टक प्रयोगशाळेत बनतं.

एकाच यंत्राच्या दोन प्रती

रोझिनाची यंत्रं बनवताना एक प्रत यानावर चढली आणि एक जुळी प्रत पृथ्वीवर राहिली. अंतराळ मोहिमांत अशी राखीव प्रत ठेवण्याची पद्धत जुनी आहे. उड्डाणाआधी मूळ यंत्र बिघडलं तर पटकन बदलता यावं, हा त्यामागचा साधा हेतू. बर्नमध्ये मात्र या जुळ्या यंत्राची खरी कारकीर्द उड्डाणानंतर सुरू झाली.

त्यासाठी तिथं कॅसिमिर नावाची निर्वात टाकी उभारलेली आहे. तिचं काम म्हणजे धूमकेतूची नक्कल करणं. टाकीतली हवा पूर्ण उपसून घ्यायची आणि मग हवा तो वायू अगदी मोजून, किंचित सोडायचा. दोन प्रकारे हे करता येतं. वायू टाकीभर शांतपणे पसरू द्यायचा, किंवा त्याचा झोत करून यंत्रावर सोडायचा. झोत का? कारण धूमकेतूचा वायू स्थिर नसतो. तो सेकंदाला काहीशे मीटर ते एक किलोमीटरच्या वेगानं यानाकडे येत असतो. वेगानं येणारा वायू आणि साचलेला वायू यंत्रात सारख्याच प्रमाणात शिरेल असं नाही.

मग एकेक वायू घेऊन तेच काम पुन्हा पुन्हा. इतक्या दाबाचा कार्बन डायऑक्साईड सोडला, किती ठोके आले? तितकीच पाण्याची वाफ सोडली तर किती? उत्तरं सारखी येत नाहीत. काही रेणूंचे इलेक्ट्रॉन सहज उडतात, काहींचे नाही. हलके आयन यंत्रातून जसे पार होतात तसे जड होत नाहीत. पट्टीवर आदळल्यावर मिळणारा प्रतिसादही आयनाप्रमाणे बदलतो. त्यामुळे दोन शिखरं सारख्या उंचीची दिसली म्हणून दोन वायू सारखेच आहेत असं म्हणणं म्हणजे रद्दीच्या आणि सोन्याच्या काट्यावरचे आकडे एकाच एककात वाचणं.

पाण्याची वाफ या कामात सगळ्यात त्रासदायक. ती टाकीच्या भिंतींना चिकटते आणि नंतर सावकाश सुटत राहते. आणि धूमकेतूच्या वायूत सर्वांत जास्त असतं ते नेमकं पाणीच.

रेणू फुटतात, ही खरी डोकेदुखी

इलेक्ट्रॉनचा मारा बसल्यावर प्रत्येक रेणू अखंड राहत नाही. कार्बन डायऑक्साईड फुटला की कार्बन मोनॉक्साईडचा तुकडा निघतो. आता २८ च्या जागी दिसणारं शिखर मुळातल्या कार्बन मोनॉक्साईडचं किती आणि फुटलेल्या कार्बन डायऑक्साईडचं किती? मोठ्या सेंद्रिय रेणूंचे तर डझनभर तुकडे होतात, आणि शंभर रेणूंच्या मिश्रणात सगळ्यांचे तुकडे एकमेकांत मिसळतात. चार जिगसॉ कोडी एकाच डब्यात ओतल्यासारखं.

प्रत्येक रेणू कसा फुटतो याचे तयार संग्रह आहेत. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचा संग्रह जगभर वापरतात. पण त्यातले बहुतेक आकडे ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या माऱ्याचे असतात, आणि डीएफएमएसमध्ये ही ऊर्जा ४५ होती. मारा बदलला की तुकड्यांचं प्रमाण बदलतं. म्हणजे तयार गाइड बघून उत्तर लिहिण्याची सोय नाही. स्वतःच्या यंत्रात तो रेणू घालून बघावाच लागतो.

हे काम जुळ्या यंत्रावर करण्याचा आणखी एक फायदा आहे. उड्डाणाच्या यंत्रात नाही नाही ती रसायनं घातली तर त्यांचे अंश आत चिकटून बसतील आणि दहा वर्षांनी धूमकेतूचे म्हणून समोर येतील. पृथ्वीवरच्या जुळ्याला ही भीती नाही. शिवाय धूमकेतूवर काय सापडणार हे आधी माहीत नसतं. सापडल्यावर तोच पदार्थ आणून जुळ्या यंत्रात घालता येतो. मिथेन, इथेन, प्रोपेन यांसारख्या हायड्रोकार्बनांचे हिशोब असेच पक्के झाले आणि ते प्रसिद्ध झाले २०१९ मध्ये. यान तर ३० सप्टेंबर २०१६ लाच धूमकेतूवर उतरवून बंद केलं होतं.

ग्लायसिन या अमिनो आम्लाचा शोध मे २०१६ मध्ये जाहीर झाला. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातला हा सगळ्यात साधा. त्याचं वस्तुमान ७५, पण मारा बसला की त्याचा मोठा वाटा ३० च्या जागी तुकडा म्हणून दिसतो. जीवसृष्टीच्या कच्च्या मालाबद्दलचा इतका मोठा दावा करताना तुकड्यांचा हा मेळ बसणं गरजेचंच होतं.

यानालाही स्वतःचा वास होता

रोझिनाच्या गटाला प्रवासातच एक गोष्ट लक्षात आली. जवळपास धूमकेतू नाही, काही नाही, तरी यंत्रात वायू दिसत होते. ते यानाचेच होते. इन्सुलेशन, डिंक, प्लॅस्टिक, वंगण यातून रेणू सुटत राहतात. नव्या गाडीत बसल्यावर वास येतो तसंच काहीसं. फरक इतकाच, की उड्डाणानंतर अनेक वर्षांनीही हा वास पूर्ण गेला नव्हता. सावलीतला यानाचा एखादा भाग वळून उन्हात आला की तो वाढायचा. दिशा बदलण्यासाठी इंजिनं चालवली की इंधनाचे अंश त्यात मिसळायचे.

२०१० मध्ये या गटानं यावर सविस्तर शोधनिबंधच प्रसिद्ध केला. वरवर पाहता ही नामुष्की वाटेल, पण मला तरी ते काम सगळ्या मोहिमेतल्या सर्वांत प्रामाणिक कामांपैकी एक वाटतं. आपल्या यानाचा वास कोणता हे आधी नोंदवून ठेवलं, म्हणून नंतर धूमकेतूचा वास कोणता हे सांगता आलं.

आता पाण्याकडे येऊ

साध्या पाण्यात दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. काही मोजक्या रेणूंत एका हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असतो. आपल्या समुद्रात दर दहा हजार पाण्याच्या रेणूंत असे जड रेणू साधारण तीन. ६७पी वर ते साधारण दहा ते अकरा निघाले. हायड्रोजन आणि ड्युटेरियमचं हे प्रमाण पाण्याच्या हाताच्या ठशासारखं असतं. ठसा तिपटीहून जास्त वेगळा निघाला, म्हणजे उगम वेगळा.

पण हे दहा रेणू शोधायचे कुठे? वस्तुमान १९ च्या जागी. तिथंच साध्या पाण्याचा दुसरा एक दुर्मिळ प्रकार येतो, ज्यात ऑक्सिजन किंचित जड असतो. दर दहा हजारांत तोही चारेक असतो. पहिल्याचं वस्तुमान १९.०१७, दुसऱ्याचं १९.०१५. दोन्ही शिखरं एकमेकांवर चढतात. त्याच अंकाजवळ, १८.९९८ वर, फ्लोरिन असतं, आणि यानातल्या वंगणातून फ्लोरिन सुटतं हे आधीच कळलेलं होतं.

अशा वेळी हिशोब वेगळा करायचा तर यंत्रात एकट्या पदार्थाचं शिखर नेमकं कसं दिसतं, किती रुंद, दोन्ही बाजूंना किती उतार, हे माहीत असावं लागतं. ते माहीत असेल तरच चढलेल्या शिखरांतून दोन आकार अलग काढता येतात. २०१३ मध्ये, म्हणजे यान पोहोचण्याआधीच, बर्नच्या गटानं पाण्यातली ही प्रमाणं यंत्राला कितपत पकडता येतील याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. डिसेंबर २०१४ मधल्या बातमीमागे ही तयारी होती.

तरीही विषय मिटला असं समजू नका. २०११ मध्ये हर्शेल दुर्बिणीनं हार्टली-२ या धूमकेतूच्या पाण्याचा ठसा जवळजवळ समुद्रासारखाच असल्याचं सांगितलं होतं. २०२२ मध्ये रोझिनाच्या गटानं ६७पी ची मोजमापं पुन्हा तपासली तेव्हा आकडा जुन्याच्या जवळपास आला. मग २०२४ मध्ये नासाच्या कॅथलीन मँट यांच्या गटानं रोझेटाची १६ हजारांहून जास्त मोजमापं नव्यानं पाहिली आणि म्हटलं की यानाजवळच्या धुळीमुळे जड पाण्याचं प्रमाण फुगलेलं दिसत असावं, धूमकेतूपासून लांब गेल्यावर ते समुद्राच्या जवळ येतं. कोण बरोबर, यावर वाद चालू आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ठोके तेच आहेत. वाद आहे तो त्या ठोक्यांचा अर्थ लावण्यावर.

म्हातारं होत जाणारं यंत्र

जुळं यंत्र हुबेहूब असलं तरी भाऊ तो भाऊच. त्यानं अंतराळातली दहा वर्षं सोसलेली नाहीत. यानावरच्या यंत्राची झीज यानावरच तपासावी लागते.

आयन पकडणारी पट्टी वापरानं क्षीण होते, आणि सगळीकडे सारखी नाही. मोठी शिखरं जिथं पुन्हा पुन्हा पडतात ती मधली घरं आधी थकतात. जात्याचा दगड मधेच झिजावा तसं. यावर उपाय साधा होता. पाण्याचं ठळक शिखर मुद्दाम पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायचं आणि प्रत्येक घर त्याच पाण्याला किती दाद देतं ते नोंदवायचं. त्यावरून प्रत्येक घराचा स्वतंत्र गुणक ठरायचा. यंत्रातल्या चुंबकाची ताकदही तापमानाबरोबर बदलते, म्हणून त्याचं तापमान सतत नोंदवलं जात होतं. शिवाय माहीत असलेल्या वायूंच्या मिश्रणाची छोटी कुपी सोबत दिलेली होती. वाण्यानं प्रमाणित वजन खिशात घेऊन फिरावं, तशी.

या सगळ्या खटाटोपाचं एक फळ म्हणजे झेनॉन. हा वायू इतका कमी होता की मे २०१६ मध्ये यान धूमकेतूच्या अगदी जवळ नेऊन तो मोजावा लागला. त्यातून २०१७ मध्ये निष्कर्ष निघाला की पृथ्वीच्या हवेतल्या झेनॉनपैकी सुमारे २२ टक्के धूमकेतूंकडून आला असावा. पाणी नसेल दिलं, पण हवेत त्यांचा वाटा आहे.

ऑक्सिजनचा धक्का

ऑक्टोबर २०१५ मध्ये बातमी आली की ६७पी वर चक्क ऑक्सिजन वायू आहे, पाण्याच्या तुलनेत ३.८ टक्के. याची अपेक्षा जवळपास कुणालाच नव्हती, कारण ऑक्सिजन इतरांशी चटकन संयोग पावतो. साडेचार अब्ज वर्षं तो सुटा कसा राहील? साहजिकच पहिला संशय यंत्रावर. वस्तुमान ३२ च्या जागी गंधक आणि मिथेनॉलही येतात, पण डीएफएमएसमध्ये ही तिन्ही शिखरं सुटी दिसत होती.

२०१७ मध्ये कॅल्टेकच्या दोन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाखवलं की वेगवान पाण्याचे आयन विशिष्ट पृष्ठभागांवर आदळले तर ऑक्सिजन तयार होऊ शकतो. रोझेटाच्या गटाचं म्हणणं असं, की मोजलेला सगळा ऑक्सिजन त्यातून येऊ शकत नाही. दरम्यान, १९८६ मध्ये हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलेल्या जोत्तो यानाची जुनी मोजमापं बर्नच्याच गटानं पुन्हा उघडली. त्यात ऑक्सिजन ३.७ टक्क्यांच्या आसपास बसत होता, अनिश्चितता बरीच असली तरी. तीस वर्षांपूर्वीचे आकडे पुन्हा वाचता आले, कारण त्या यंत्राचं वागणं नोंदवलेलं होतं.

धुळीच्या बाबतीतही हीच पद्धत. रोझेटावरचं कोसिमा हे उपकरण धूमकेतूची धूळ सोन्याच्या पत्र्यांवर गोळा करून तपासायचं. त्याची जुळी प्रत जर्मनीतल्या गॉटिंगनला मॅक्स प्लँक संस्थेत आहे. २०१६ मध्ये या धुळीत मोठ्या रेणूंचा कार्बनयुक्त पदार्थ सापडल्याचं जाहीर झालं, ते उल्कापाषाणांतल्या तशाच पदार्थाशी ताडून पाहिल्यावर.

बर्नमध्ये आता पुढच्या कामाची तयारी सुरू आहे. कॉमेट इंटरसेप्टर ही युरोपियन मोहीम २०२९ मध्ये सोडण्याचं नियोजन आहे, आणि तिच्यातला मास स्पेक्ट्रोमीटर याच विद्यापीठाचा. रोझेटा दोन वर्षं धूमकेतूसोबत रमतगमत फिरलं. हे यान मात्र त्याच्या शेजारून एकदाच, सेकंदाला ७० किलोमीटरपर्यंतच्या वेगानं निघून जाईल. तेवढ्या वेगाचा वायूचा झोत प्रयोगशाळेत तयार करणं सोपं नाही. त्यात यान सुटेल तेव्हा ते कुठल्या धूमकेतूकडे जाणार हेही कदाचित ठरलेलं नसेल. म्हणजे कोष्टक आधी बनवायचं, धूमकेतू नंतर शोधायचा.